सेटवरचा जुनाटपणा दुसऱ्याच प्रयोगाला का झडतो?

हौशी संगीत नाटकांच्या सेटबाबत ही तक्रार दर हंगामात ऐकू येते. रंगीत तालमीला भिंत सुरेख दिसते. वळचणीखाली ओघळ उतरलेले, जोत्याशी शेवाळ चढलेले, खांबाच्या कडेला हात लागून लागून काळवंडलेला चुना. पहिला प्रयोग पार पडतो. दुसऱ्याला खांबाला टेकलेल्या नायिकेच्या शालूवर तपकिरी पट्टा उमटतो. तिसऱ्याला फ्लॅटच्या, म्हणजे कापड किंवा प्लाय ठोकलेल्या लाकडी चौकटीच्या, कडांना पोपडे सुटतात आणि मागचा पडदा उलगडला की घडीच्या रेषा पांढऱ्याफटक दिसतात. मग प्रयोगाच्या दुपारी कोणीतरी डबा घेऊन वर आणखी एक हात मारतो, आणि तो हात आधीच्यापेक्षाही लवकर सुटतो.

गद्य नाटकात ही फार तर दिसण्याची बाब ठरेल. संगीत नाटकात तसे नाही. गायक नट पद उचलताना छाती भरून श्वास घेतो, आणि तो श्वास सेटपासून दोन हातांवर घेतलेला असतो. झडलेली खडूची पूड आणि काजळी थेट त्याच्या घशात जाते. ऑर्गनचा भाताही तीच हवा ओढतो. भाड्याने आणलेला शालू डागाळला तर भरपाई मंडळाला द्यावी लागते. रंग झडला की नेपथ्य बिघडते, पण त्याआधी गाणे बिघडते, असे मी मानतो.

आमच्या बाजूला, म्हणजे सिंधुदुर्ग आणि उत्तर गोव्यात, याचे खापर सर्रास हवेवर फोडले जाते. "दमट हवा, रंग कसला टिकतोय!" हवेचा वाटा आहे, त्याकडे पुढे येतोच. पण मुळातला दोष बहुतेक वेळा रंगाच्या डब्यातच असतो. रंगाची पूड स्वतः कशालाही चिकटत नाही. तिला धरून ठेवणारे काहीतरी लागते: सरस (जनावरांच्या कातड्या-हाडांचा गोंद), डिंक, चिंचोक्याची खळ, फेव्हिकॉल किंवा इमल्शनमधला अॅक्रिलिक. या धरणाऱ्या पदार्थाला इथे मी सरसकट 'चीक' म्हणतो. जुनाटपणाच्या थरात नेमका हाच चीक अपुरा पडतो. म्हणून मूळ भिंत शाबूत राहते आणि तिच्यावरचे ओघळ, डाग, शेवाळ तेवढे निघून जाते.

आधी पोपड्याची मागची बाजू पाहा

उपाय करण्याआधी झडण्याचा प्रकार ओळखायला हवा, कारण प्रत्येक प्रकाराचा उपाय वेगळा आहे आणि एकाचा उपाय दुसऱ्याला घातक ठरतो.

कोरडा काळा कपडा घेऊन भिंतीवरून हलक्या हाताने फिरवा. कापडावर बारीक पूड आली, पण पोपडा एकही निघाला नाही, तर चीक कमी आहे. मग बोट ओले करून त्याच जागी घासा. रंग लगेच विरघळून बोटाला लागला तर चीक पाण्यात सुटणारा आहे: सरस, डिंक किंवा खळ. ओल्या बोटाला काहीच लागले नाही, पण कोरड्या घासण्याने पूड येते, तर बहुधा इमल्शन किंवा डिस्टेंपर प्रमाणाबाहेर पातळ केला गेला आहे.

पोपडे निघत असतील तर एक पोपडा अलगद उचलून उलटा करा. मागे कोरे लाकूड किंवा कोरे कापड दिसते का? तसे असेल तर अस्तरच, म्हणजे रंगाआधीचा पायाचा हातच, धरलेला नाही. मागच्या बाजूला खालच्या रंगाची पूड चिकटून आलेली असेल तर खालचा थर कमकुवत आणि वरचा जास्त ताकदवान आहे. मागची बाजू गुळगुळीत, चकचकीत असेल तर खाली जुना ऑइलपेंट किंवा सनमायका आहे आणि त्यावर घासकाम न करता रंग मारलेला आहे.

खालचा थर कमकुवत आणि वरचा ताकदवान, हा प्रकार सर्वांत जास्त आढळतो आणि सर्वांत कमी ओळखला जातो. पूड झडते म्हणून लोक वर घट्ट फेव्हिकॉल फासतात. तो वाळताना आकसतो आणि खालच्या भुसभुशीत थरासकट सोलून वर येतो. पूड झडत होती तोवर निदान चित्र जागेवर होते. आता तेही हातात येते.

पातळ रंगात चीक कुठे जातो

जुनाटपणा देण्याचे काम मुख्यतः पातळ रंगाने होते. डब्यातला चमचाभर रंग तांब्याभर पाण्यात कालवायचा आणि भिंतीवर ओघळू द्यायचा. कागदावर पाहिले तर रंग आणि चीक यांचे प्रमाण पाणी घालून बदलत नाही, कारण दोन्ही सारखेच पातळ होतात. भिंतीवर गोष्ट वेगळी घडते. खालचा डिस्टेंपर सच्छिद्र असतो. पातळ झालेला चीक पाण्याबरोबर त्याच्यात शोषला जातो आणि पूड वर उघडी राहते. इमल्शनमध्ये चिकाचे सूक्ष्म कण असतात आणि पाणी उडाल्यावर ते एकमेकांना भिडून सलग पापुद्रा बनतो. अति पाण्यात ते इतके विरळ होतात की पापुद्रा सलग बनतच नाही. त्यात डिस्टेंपरमध्ये मुळातच चीक बेताचा असतो, कारण तो घरातल्या भिंतीसाठी बनवलेला स्वस्त रंग आहे.

दुसरा गुन्हेगार स्टेनर. छोट्या बाटलीतला गडद रंग पाण्यात चार थेंब टाकला की झकास ओघळ तयार होतो, म्हणून तो सर्रास वापरला जातो. पण स्टेनर म्हणजे चिकाविना नुसता रंग, दुसऱ्या रंगात मिसळण्यासाठी केलेला. नुसत्या पाण्यात कालवलेला स्टेनर भिंतीवर धरत नाही. वर तो दमट हवेत ओलसरही राहतो. शालूवरचा तपकिरी पट्टा बहुधा याचाच असतो.

उपाय साधा आहे: पातळ करायचे ते पाण्याने नाही, चिकाच्या पाण्याने. एक वाटी फेव्हिकॉल आणि आठ ते दहा वाट्या पाणी असे मोठ्या बादलीत आधीच तयार ठेवायचे, आणि ओघळ, डाग, शिंतोडे यांसाठी लागणारा प्रत्येक रंग त्यानेच पातळ करायचा. स्वच्छ पाण्याची बादली फक्त ब्रश धुवायला, आणि तीही लांब ठेवावी. काम करताना हात सवयीने जवळच्या बादलीकडेच जातो. फेव्हिकॉलऐवजी पारदर्शक मॅट अॅक्रिलिक मिळाले तर उत्तम, कारण साधा फेव्हिकॉल वाळल्यावरही पाण्याने पुन्हा थोडा मऊ होतो. अॅक्रिलिक होत नाही. उघड्या मांडवात खेळणाऱ्या मंडळांनी हा जास्तीचा खर्च जरूर करावा.

फेव्हिकॉल वाढवला की चमक येते, हे मात्र ध्यानात ठेवा. समोरच्या दिव्यात ती कळत नाही. बाजूच्या विंगेतून दिवा आला की अख्खी भिंत ओली असल्यासारखी लकाकते आणि जुनाटपणा मेलाच समजा. चमक मारायला चिकाच्या पाण्यात थोडी खडूची पूड घाला, पण मग गडद रंग फिकटतो हे धरून चला. नमुना दिव्याखालीच तपासायचा, अंगणातल्या उन्हात नाही.

जांभ्याच्या भिंतीवर हे कसे बसते

आमच्याकडच्या नाटकांत देऊळ, वाडा, गड, काहीही असो, भिंत बहुधा जांभ्याच्या चिऱ्याची असते, आणि जांभ्याचे वय रंगवणे हे मला या कामातले सर्वांत आवडते काम आहे. म्हणून त्यावर जरा थांबतो.

खरी जुनी भिंत सगळीकडे सारखी मळत नाही. पाणी जिथून येते तिथून ती म्हातारी होते. वळचणीच्या अगदी खालचा पट्टा कोरडा राहतो, म्हणून तिथला चिरा उजळ असतो. कौलांची पन्हळ जिथे गळते तिथून काळे ओघळ सरळ खाली येतात. जमिनीवर आपटणाऱ्या पावसाचे शिंतोडे जोत्यापासून वर हातभर चढतात आणि तिथेच शेवाळ धरते. खिडकीच्या पट्टीखाली दोन्ही टोकांना मिशांसारखे डाग उतरतात. वेंगुर्ले, सावंतवाडी, पेडणे यांपैकी कुठल्याही जुन्या घरासमोर पावसानंतर दहा मिनिटे उभे राहिलात तर हे सगळे दिसेल. हौशी सेटवर नेमके उलटे होते. हाताला येईल तेवढ्या भागात सगळीकडे सारखा मळ फासला जातो, आणि प्रेक्षकाला ती भिंत म्हातारी न वाटता नुसती घाणेरडी वाटते.

टिकाऊपणाशी याचा थेट संबंध आहे. सगळीकडे मळ फासायचा तर थर जास्त लागतात, आणि पात्रे जिथे टेकतात, हात लावतात तिथेही तो जातो. पाण्याचा मार्ग धरून रंगवले तर थर कमी लागतात आणि बराचसा जुनाटपणा माणसाच्या खांद्याच्या वर किंवा गुडघ्याच्या खाली बसतो. कमरेपासून खांद्यापर्यंतच्या पट्ट्यात, म्हणजे जिथे कपडे घासतात तिथे, मी जुनाटपणा मुळातच अस्तराच्या वरच्या भरीव रंगात, ओल्यात ओला मिसळून देतो. तो थर डब्यातल्या ताकदीचा असतो. पातळ रंग तिथे जवळजवळ वापरतच नाही.

क्रम असा ठेवतो. अस्तर. त्यावर हिरमंजी (तांबडी माती) आणि पिवडी (पिवळी माती) यांचे दोन-तीन वेगळे मिलाफ एकाच वेळी हाताशी घेऊन चिऱ्याचिऱ्यागणिक फरक करत भरीव रंग. तो ओला असतानाच काथ्याच्या चुंभळीने टिपून जांभ्याची भोके. काथ्याची खूण स्पंजापेक्षा अनियमित येते आणि जांभ्याला तेच शोभते. पूर्ण वाळू द्यायचे. वरून खाली फवाऱ्याने चिकाच्या पाण्याची झुळूक मारून भिंत ओलसर करायची आणि मग वरच्या कडेला गडद पातळ रंग सोडायचा. तो आपली वाट आपण शोधतो. ओघळ ब्रशने काढलेला आणि सोडलेला, यातला फरक शेवटच्या रांगेतूनही कळतो. गडद रंगात नुसता काळा नको. दिव्याखाली नुसत्या काळ्याचे भोक दिसते. तपकिरीत थोडी नीळ घातलेली छटा अंधारातही भिंत म्हणूनच वाचली जाते. अगदी शेवटी कोरड्या ब्रशने चिऱ्यांच्या वरच्या कडा उजळायच्या. इथेही ब्रश कोरडा हवा, रंग दुबळा नको.

खरखरीत पोत हवा असेल तर बारीक चाळलेला लाकडाचा भुसा फेव्हिकॉल आणि डिस्टेंपर यांत कालवून लावा. कापडी फ्लॅटवर प्लास्टर ऑफ पॅरिस लावू नका. कापड हलते, प्लास्टर हलत नाही. टेम्पोच्या पहिल्याच खड्ड्याला ते तडकते आणि स्टेजवर दगड पडल्याचा आवाज करते.

अस्तराबद्दल थोडक्यात

नव्या मांजरपाटाला गिरणीची खळ असते आणि तो पाणी लागले की आवळतो. आधी चौकटीवर मधून कडांकडे ठोकत ताणून घ्या. मग एक भाग फेव्हिकॉल, पाच भाग पाणी असा हात द्या, पूर्ण वाळवा, मगच रंग. हा हात वगळला तर कापड पहिल्याच रंगातला चीक पिऊन टाकते. प्लायला पॉलिश पेपर मारून वर उठलेले तंतू काढा. जुन्या ऑइलपेंटची चमक पूर्ण जाईपर्यंत घासा. यात शॉर्टकट नाही.

सरसाने काम करणारी मंडळी अजून आहेत, आणि पडद्यासाठी सरस चांगलाच. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात संगीत नाटकाचा पाया घातला, तेव्हापासून गुंडाळत्या पडद्यांची कला इथे वाढली. पुढे कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवून नाव कमावले. सरस रात्रभर गार पाण्यात भिजवून दुसऱ्या भांड्यातल्या गरम पाण्यावर ठेवून विरघळवायचा. थेट विस्तवावर उकळला की त्याची पकड जाते. आणि उन्हाळ्यात कालवलेला रंग दुसऱ्या दिवशी आंबतो. आंबलेल्या सरसात रंग दिसतो तसाच, पण चीक मेलेला असतो. वास आला की बादली फेकून द्यावी, हळहळू नये. थोडी तुरटी घातली तर वाळलेला सरस पाण्याला जरा जास्त तोंड देतो.

एक इशारा. कापड पेटू नये म्हणून टाकणखार (बोरॅक्स) आणि बोरिक अॅसिडचे पाणी मारण्याची पद्धत आहे, आणि दिवे, वायरी, कापूर यांच्या सान्निध्यात ती योग्यच आहे. पण टाकणखार फेव्हिकॉलच्या रंगात कधीही मिसळू नका. दोन्ही एकत्र येताच लगदा गोठतो. मुलांच्या खेळण्यातला 'स्लाइम' याच मिश्रणातून बनतो. हे पाणी पडद्याच्या मागच्या बाजूने, वेगळ्या दिवशी, आधी लहान तुकड्यावर पाहून मारावे.

दंव

आता हवेकडे. आमच्या जत्रांतली नाटके रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतात आणि देवळासमोरचा मांडव पुष्कळदा अर्धा उघडा असतो. पौष-माघात निरभ्र रात्री उघड्या आकाशाखालच्या वस्तू भोवतालच्या हवेपेक्षा थंड होतात आणि त्यांच्यावर दंव धरते. तिसऱ्या अंकापर्यंत फ्लॅटवर पाण्याचा पातळ थर असतो. सरस आणि डिंक त्यात सुटतात, फेव्हिकॉल मऊ होतो. पण खरे नुकसान त्यानंतर होते. नाटक संपले की झोपेने पेंगुळलेले हात ते ओले फ्लॅट तोंडाला तोंड लावून टेम्पोत चढवतात. गावी पोचेपर्यंत ते एकमेकांना चिकटलेले असतात आणि सोडवताना एकाची भिंत दुसऱ्यावर जाते.

दंव रोखायला सेटच्या डोक्यावर साधे कापडी छत पुरते. उघडे आकाश दिसेनासे झाले की फ्लॅट तितका थंड होत नाही. ताडपत्री नसेल तर जुनी चादर ताणा. प्रयोगानंतर घाई करू नका. सकाळचे ऊन तासभर लागू द्या, मग फ्लॅटच्या मध्ये जुनी सुती लुगडी घालून रचा. वर्तमानपत्र घालू नये, ते चिकटते आणि शाई सोडते.

पडद्याची घडी ही तर झडण्याला दिलेले आमंत्रणच आहे. घडीवर जाड थर तुटणारच. बांबूऐवजी रुंद पीव्हीसी पाइपवर, रंगवलेली बाजू बाहेर ठेवून पडदा गुंडाळा. आतल्या बाजूला रंग ठेवला तर तो दबून सुरकुततो. ज्या मंडळाला पडदा घडी करूनच न्यावा लागतो, त्यांनी त्यावरचे डाग आणि ओघळ कापड रंगवण्याच्या पातळ रंगाने द्यावेत. तो धाग्यात मुरतो, थर बनवत नाही, म्हणून तुटायला काही उरत नाही. पुढे वर दुसरा रंग मारला तर हा कापडाचा रंग त्यातून वर उमटू शकतो, आणि उन्हात तो विटतो, एवढे पत्करावे लागते.

प्रयोग उद्या असेल तर

पूड झडणाऱ्या भिंतीला ब्रश लावू नका, ब्रश पूड ओढून चित्र फासतो. झाडांना औषध मारायचा हातपंप घ्या. एक भाग फेव्हिकॉल, बारा-पंधरा भाग पाणी आणि भांडी घासायच्या द्रवसाबणाचे दोन थेंब. साबणामुळे पाणी पुडीवर गोळे न करता आत शिरते. गाळून घ्या, नाहीतर तोंड चोंदते. हातभर अंतरावरून धुक्यासारखे मारा, वाळू द्या, पुन्हा मारा. ओघळ येऊ लागला की थांबा. कोपऱ्यात आधी करून पाहा, रंग थोडा गडद होतो. सरसाच्या कामावर फवारा आणखी हलका हवा, कारण खालचा थर सुटू शकतो.

पोपडे निघत असतील तर हा फवारा उपयोगाचा नाही. सैल झालेले सगळे पोपडे काढून टाका, कडा घासून सपाट करा आणि उघड्या जागेला अस्तर देऊन त्याच जागी पडझड रंगवा. जुन्या भिंतीचा गिलावा खराही असाच पडतो. उद्या वेळ नसेल तर निदान सैल भाग काढाच. अर्धवट लोंबणारा पोपडा दिव्यात सावली पाडतो आणि पदाच्या मध्येच गळतो.

मंडळाच्या माळ्यावर आजोबांच्या काळचे पडदे असतील तर त्यांना यातले काहीही करू नका. त्या काळच्या लाल-केशरी रंगात शेंदूर असू शकतो आणि पिवळ्यात हरताळ. शेंदूर म्हणजे शिसे, हरताळ म्हणजे सोमल (आर्सेनिक). असा पडदा झटकू नये, कोरडा घासू नये, मुलांना त्यावर खेळू देऊ नये. नाकातोंडावर चांगला मास्क लावून, खाली फडके पसरून तो उलगडा, फोटो काढा, पुन्हा सुती कापडात गुंडाळा आणि जुन्या चित्रांचे जतन करणाऱ्या जाणकाराला दाखवा. रंगमंचावर न्यायला त्या फोटोवरून नवा पडदा रंगवा.